मावशीच्या विमानाची शेपटी

आमच्या मावशीला कोरी जागा बघवत नसे. कोरी जागा दिसली की तिचा हात शिवशिवायचा. तिच्या घरात बादलीला पट्टा होता, डब्यांच्या झाकणांना पट्टा होता, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पट्टा होता, आणि काकांच्या चपलांच्या टाचांवर एकेक पिवळा ठिपका होता. "हरवल्या तर ओळखू येतील," असं तिचं म्हणणं. टाचा झिजलेल्या त्या चपला कोण नेणार, हे काकांनी तिला एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या छत्रीच्या दांड्यावरही ठिपका आला.

हा छंद नव्हता, तो तिचा धंदाच होता. बसगाड्यांच्या रंगकामाच्या कारखान्यात ती पट्ट्या मारायची. बसच्या अंगावरून पुढून मागे जाणारी ती सलग, बोटभर रुंदीची रेघ असते ना, ती. लांब केसांचा ब्रश, डाव्या हाताची करंगळी पत्र्यावर टेकवलेली, जिभेचं टोक बाहेर, आणि मावशी बसच्या तोंडापासून शेपटापर्यंत एका चालीत सरकत जायची. मध्ये कोणी हाक मारलेली चालत नसे. "श्वास सोडला की पट्टीला पोट सुटतं," ती म्हणायची. तिच्या पट्टीला कधी पोट सुटलं नाही. पोट सुटलं ते काकांना. पण त्याची गंमत पुढे येईल.

काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. माणूस मुळात अबोल, त्यात दिवसभर यंत्रांशी संगत, त्यामुळे घरी आल्यावरही कोणी चार वाक्यं बोललं तर तेल कमी पडलंय की काय अशा नजरेने बघायचे. या माणसाने एक दिवस घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला काढलं. कोणाला न विचारता. मावशीला ते कळलं, तेव्हा शेडमध्ये तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या टांगलेल्या होत्या.

विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिडक्यांची रांग आणि आतून हात हलवणारी मंडळी येत असतील तर ती बाजूला ठेवा. हे विमान म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पाठीमागे एक इंजिन, आणि सगळ्यात पुढे, जवळजवळ उघड्यावर, एक खुर्ची. एकच. घरी बांधून एकट्याने उडवायचं, हलकंफुलकं. काही वर्षं खपून काकांनी ते उभं केलं. गावाबाहेरच्या मैदानावर असे आणखी काही खटपटे लोक होते. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये त्यांची विमानं दाटीवाटीने उभी असायची. आता त्या मैदानावर गोदामं झाली आहेत. मी तिथून गेलो की अजून खिडकीतून बघतो, का ते माहीत नाही. गोदामांना पंख नसतात.

"संसारात पहिल्यांदा यांनी काही केलं, तेही एकट्याच्या बैठकीचं," मावशी म्हणाली. पण विमान बांधून झालं आणि पांढऱ्या कापडाचं ते एवढं मोठं कोरं अंग तिने पाहिलं, तेव्हा तिचा राग कुठल्या कुठे गेला.

रंगावरून तहाची बोलणी झाली. पंखांना हात लावायचा नाही, असं काकांनी सांगितलं. पंखांवर रंगाचे फुगवटे आले तर हवा रुसते. पुढे तर बसायला खुर्ची तेवढी, रंगवायचं काय? राहिली शेपटी. मागचं उभं सुकाणू आणि दोन्हीकडची आडवी पाती.

"वाटणीत मला शेपटी आली," मावशी सगळ्यांना सांगायची, आणि त्यात तक्रारीपेक्षा मालकीच जास्त असायची.

दरवर्षी उडण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ती शेपटी नव्याने रंगवायची. एका वर्षी निळ्यावर चंदेरी पट्ट्या. एका वर्षी कारखान्यात उरलेल्या बसच्या पिवळ्याने. काका एकदा इंजिन बंद पडून कुठल्याशा शेतात उतरले आणि संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत, त्या वर्षी सगळी शेपटी लालभडक. "आता पडा कुठेही, दिसाल," ती म्हणाली. मैदानावरच्या इतरांनाही तिच्याकडून आकडे, पट्टे, चोच, डोळे असं काय काय हवं असायचं. पण तिची खरी कला बघायची तर आमच्या काकांच्या मागून बघावी लागे.

विमान रंगवायचे नियम तिला पाठ होते. बोल्टावर, नटावर रंगाचा थेंबही नाही, कारण रंगाखाली तडा गेला तर दिसत नाही. कापडाला खालून बारीक भोकं असतात, आत साचलेलं पाणी निघून जायला, ती बुजवायची नाहीत. ती प्रत्येक भोकात काडेपेटीची काडी खोचून मग रंगवायची आणि शेवटी एकेक काडी उपसायची. हे नियम तिला सुरुवातीलाच शिकवले काकांच्या धाकट्या भावाने, म्हणजे तिच्या दिराने. त्यांना सगळे तराजू म्हणायचे. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि बोलणंही तसंच, मोजून.

मैदानावर एक रीत होती. आपलं विमान आपण तपासायचं नाही, आणि मित्राकडूनही तपासून घ्यायचं नाही. मित्र तपासायला येतो आणि चहा पिऊन जातो. ज्याचं आपल्याशी फारसं जमत नाही, ज्याला आपली चूक सापडली तर बरं वाटेल, अशा माणसाला बोलवायचं. त्यामुळे तिथली भांडणं लोक जपायचे. दोघांची दिलजमाई झाली की बाकीचे काळजीत पडायचे: आता यांची विमानं कोण बघणार?

काकांच्या विमानासाठी तराजू अगदी योग्य होते, कारण त्यांचं आणि मावशीचं बोलणं बंद होतं. मावशीने एकदा स्वयंपाकघराला मोठ्या हौसेने एक फिकट रंग दिला होता. तराजू आले, चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "प्रायमर छान बसलंय. रंग कधी देणार?" तेव्हापासून दोघांचा सगळा व्यवहार काकांमार्फत चालायचा, दोघंही समोरासमोर उभे असले तरी.

"दादा, वहिनींना सांग, इथे रंगाचा ओघळ आलाय."

"अहो, भाऊजींना सांगा, तो ओघळ नाही, सावली आहे."

काका काहीच सांगायचे नाहीत. दोघांनाही ऐकू गेलेलं असायचं.

वर्षातून एकदा विमानाचं वजन व्हायचं. काका खुर्चीत बसायचे, तीन चाकांखाली तीन काटे, आणि तराजू उकिडवे बसून आकडे वाचायचे. इंजिन आणि शेपटी मागे, माणूस पुढे. या दोन्हींचा तोल एका ठरावीक जागी पडावा लागतो. नाक जड झालं तर विमान उठत नाही आणि शेपटी जड झाली तर फार उठतं. दुसरं जास्त वाईट.

"तोल जिथल्या तिथे," तराजू दरवर्षी म्हणायचे. एवढं कौतुक त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशाचं केलं नसेल. मग जरा थांबून, "पण एकूण वजन वाढलंय, दादा. पोट आवर."

पोट दिसत होतंच. मावशीने काकांची साखर तोडली. पुढच्या वर्षी वजन आणखी वाढलं. मावशीने तळलेलं बंद केलं. "एवढा नाही रे वाढलो मी," काका कुरकुरायचे, पण काट्यापुढे कोण बोलणार? वर्षानुवर्षं तो माणूस बिनसाखरेचा चहा पीत आकाशात जात राहिला.

मग एका वर्षी काकांना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी कान तपासले. आपल्या कानात आत कुठेतरी तोल सांभाळणारी यंत्रणा असते म्हणे, ती बिघडली होती. जमिनीवर काही भीती नाही, पण उडणं बंद. काकांनी हे घरी येऊन सांगितलं ते असं: "कानात तेल कमी पडलंय." आणि शेडमध्ये जाऊन बसले.

विमान विकायचं ठरलं. बघायला एक बेकरीवाले आले. चांगले भरलेले, हसरे गृहस्थ. खुर्चीत बसले तर खुर्ची दिसेना. त्यांनी सगळं विमान पाहिलं आणि शेपटीपाशी जाऊन थबकले. त्या वर्षी शेपटीवर हिरव्यातून निळ्यात विरघळणाऱ्या लाटा होत्या, आणि कडेने मावशीची ती केसासारखी पांढरी पट्टी.

"कोणाचं काम हे?"

"हिचं," काका म्हणाले.

"मी खरं तर ही शेपटी लांबून बघूनच आलो," बेकरीवाले म्हणाले. "हिला हात लावणार नाही मी. अशीच ठेवीन."

कोणत्याही कलावंताला याहून गोड काही ऐकायला मिळत नाही. ते गेले, आणि घरी परत येताना मावशी म्हणाली, "नका विकू. मी उडवते."

काका चालता चालता थांबले. तिचा चेहरा बघितला आणि पुन्हा चालायला लागले. त्यांच्या बाजूने चर्चा संपली होती.

मावशी तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेली. इतकी वर्षं ती मैदानावर यायची, दुसऱ्यांची विमानं रंगवायची, स्वतःच्या घरचं विमान उडताना खालून बघायची. खुर्ची एकच, त्यामुळे वर जायचा प्रश्नच नव्हता. आपल्यालाही वर जायचंय, हे ती कधी बोलली नव्हती, आणि आम्हीही कोणी कधी विचारलं नव्हतं. मैदानावर दोन खुर्च्यांचं एक शिकाऊ विमान होतं. शिकवणाऱ्या बाईंकडे ती हंगामभर शिकली. बाई म्हणाल्या, "यांचा हात हलतच नाही हो." तो कसा हलेल? बसभर पट्टी मारलेला हात तो. बेकरीवाल्यांना काकांनी थांबायला सांगितलं, आणि तेही बिचारे थांबले.

आता विमान तिच्या मापाचं करायला हवं होतं. काका उंच, मावशी बुटकी. तिचे पाय सुकाणू वळवायच्या पुढच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते.

"पाठीला उशी घेते," मावशी म्हणाली.

"दादा, वहिनींना सांग, उशी दबते. ऐन वेळी पाय लांबला की काय करणार?"

मग काकांनी पायपट्ट्या मागे घेणारा एक मजबूत जोड बनवला. तराजूंनी त्याचा एकेक बोल्ट बघितला, लाथ मारून बघितली, सुकाणूच्या तारा ढिल्या पडल्या का ते बघितलं. एका वेळी एकच बदल, हा त्यांचा हट्ट. तो बदल पक्का झाला, मग वजनाचा दिवस आला.

असं विमान रिकामं असलं की शेपटीवर बसतं आणि नाक वर करतं, कुत्रं बसल्यासारखं. माणूस खुर्चीत बसला की नाक खाली येतं. मावशी बसली. नाक खाली आलं. पुढचं चाक काट्याला टेकलं, जरा विचार केला आणि पुन्हा वर गेलं. मावशी खुर्चीत उताणी, पाय पुढे, नजर छताकडे.

"उडाली," काका म्हणाले.

तराजू हसले नाहीत. त्यांनी तिला खाली उतरवलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. मावशी हलकी आहे हे दिसतच होतं, पण इतका फरक हिशेबात बसेना. विमान बांधलं तेव्हा काका तरी कुठे जड होते? काडीसारखे होते, आणि तोल जिथल्या तिथे होता. तराजू मागे गेले. शेपटीच्या कडेवर नख घासलं. मग टिचकी मारली. ताणलेलं कापड ढोलकीसारखं वाजायला हवं. ते दारासारखं वाजलं.

"दादा, वहिनींना विचार, नवा रंग देताना जुना काढतात का?"

"भाऊजींना सांगा, काढला तर कापड फाटेल. वरूनच देते मी. पातळ देते."

"दरवर्षी?"

"म्हणजे काय!"

तराजू खाली बसले. भुईवरच. "रंग," ते म्हणाले. "रंगाला आपण बदल धरलंच नाही. एक नट बदलला तरी मी पुन्हा वजन केलं असतं. शेपटी इतकी मागे, की तिथला एक वाटीभर रंग पुढच्या ताटभर पोटाला भारी. दरवर्षी मागे रंग चढत गेला आणि पुढे दादाचं पोट. तोल जिथल्या तिथे! आणि मी काटेवाला, शाबासकी देत बसलो."

काका म्हणाले, "म्हणजे माझं पोट नसतं तर मी पडलो असतो?"

"कधीच पडला असतास."

"आणि हिने माझी साखर बंद केली?"

मावशीने लगेच विषय बदलला.

मावशीने उपाय सुचवले. खुर्चीखाली वाळूची पिशवी? तराजू म्हणाले, सुटं वजन विमानात नको, ते हवेत जागा बदलतं. नाकात मोठा लोखंडी ठोकळा, बोल्टने आवळून? "शेपटी जड म्हणून नाकही जड करायचं, आणि दोघांची हमाली पंखांनी करायची?" विमानाला पेलेल इतकं वजन ठरलेलं असतं, आणि ते सगळं रंगानेच खाल्लं होतं. म्हणजे राहिला एकच मार्ग. रंग कापडावरून निघणार नव्हता. शेपटीचं कापडच उतरवायचं आणि नवं चढवायचं, कोरं.

किंवा विकायचं. बेकरीवाले त्या खुर्चीत बसले असते तर विमानाचा तोल अगदी जिथल्या तिथे पडला असता. रंगही टिकला असता, दरवर्षी हवेत फिरला असता, आणि कोणाला काही करावं लागलं नसतं. हे मावशीला कोणी सांगायची गरज नव्हती. ती शेपटीपाशी उभी राहिली, लाटांवरून तळवा फिरवला. काका तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बेकरीवाल्यांना कळवू का?"

"काय कळवाल?"

"तू सांगशील ते."

"मी तुमची शेपटी रंगवत होते तेव्हा रोज वाटायचं, हे वर जाऊन येतं आणि मी खाली ब्रश पुसत बसते," मावशी म्हणाली. "ब्लेड द्या."

ब्लेड द्यायला कोणी पुढे होईना. तिने स्वतःच हत्यारांच्या पेटीतून काढलं. "माझा रंग आहे, मीच काढणार." आणि सुकाणूच्या कडेला पहिला काप दिला. कापड जाडजूड निघालं, पुठ्ठ्यासारखं. कापलेल्या कडेवर सगळे थर एकाखाली एक दिसत होते. मावशीने चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळून बघितलं.

"हे लाल तुम्ही शेतात पडलात तेव्हाचं," ती काकांना म्हणाली. "त्याच्या खाली पिवळा. ते कारखान्यातलं शेवटचं डबडं, साहेबांनी निरोपाला दिलेलं. हा राखाडी... राखाडी मी कधी दिला?"

"आई गेली त्या वर्षी," काका म्हणाले.

"हो. दुसरा कुठला सुचलाच नव्हता." तिने नख फिरवलं. "आणि हे सगळ्यात खाली. बघा, पहिला निळा. तेव्हा मला विमानावर पट्टी मारायला भीती वाटायची. हात थरथरला होता, हे बघा, इथे पोट आहे."

काकांनी बघितलं. पट्टीला खरंच किंचित पोट होतं. इतकी वर्षं ते सगळ्या रंगांच्या खाली दडून उडत होतं.

ती पुढे कापू लागली, पण डोळे भरून आले असावेत, कारण ब्लेड नळीच्या दिशेने घसरलं.

"वहिनी, थांबा," तराजू म्हणाले. "तिथे नळीला चरा जाईल. इकडून, शिवणीच्या बाहेरून घ्या. मी धरतो."

मावशीने मान वर केली. "बोललात तुम्ही माझ्याशी."

"नळीचा प्रश्न होता."

"आता तपासायला दुसरा माणूस शोधावा लागणार."

"गरज नाही," तराजू म्हणाले. "तो स्वयंपाकघराचा रंग मला अजून आवडत नाही."

दोघांनी मिळून सगळं कापड उतरवलं. तराजूंनी त्याची वळकटी काट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग काकांकडे वळून म्हणाले, "दादा, उद्यापासून साखर घे."

नवं कापड काकांनी शिवलं. अखेर तो त्यांचा प्रांत. नळ्यांवर चिकटवलं, आणि मावशीने घरातली इस्त्री आणून त्यावरून हलकेच फिरवली. उष्णतेने ते कापड आकसतं आणि ताणलं जातं. इस्त्री किती तापवायची याच्यावर तराजूंची नजर होती. मग ऊन लागून कापड कुजू नये म्हणून पातळ लेप, एवढाच. टिचकी मारली तर ढोलकी. पुन्हा वजन झालं. उरलेली किरकोळ कसर विमानाच्या मूळ आराखड्यात दाखवलेल्या जागी शिशाची छोटी पट्टी बोल्टने आवळून भरून काढली. मावशी बसली. नाक खाली आलं आणि खालीच राहिलं.

"एक बारीक पट्टी चालेल," तराजू म्हणाले. "वजन करून."

"आधी जाऊन येते," मावशी म्हणाली.

ती गेली त्या सकाळी वारा पडलेला होता. तराजूंनी एकेक बोल्ट बोटाने चाचपला. शिकवणाऱ्या बाईंनी पट्टा आवळला. मावशी इतकी लहान दिसत होती की विमानाला माणूस मिळालाय की नाही अशी शंका यावी. विमान धावलं, हलकं झालं, आणि गवतापासून सुटलं. मी तिच्याकडे बघायचं सोडून काकांकडे बघत राहिलो, कारण काका घडीच्या खुर्चीतून उठले होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

"हे... हे असं दिसतं?"

"कसं?" तराजूंनी विचारलं.

"असं. पंख असे वाकतात? खालून उजेड दिसतो कापडातून? सगळ्या नळ्यांची सावली दिसते रे!"

"नेहमी दिसते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू नेहमी आत असायचास, दादा," तराजू म्हणाले.

स्वतःच्या हाताने जोडलेलं, शिवलेलं, इतकी वर्षं उडवलेलं विमान काकांनी आजवर एकदाही उडताना बघितलं नव्हतं. बघणार कसं? विमान वर असताना ते स्वतः वरच. आता ते मान मागे टाकून, एका हाताने खुर्चीची पाठ धरून गोल गोल फिरत होते. विमान जाईल तिकडे तोंड. कानाचं, तोलाचं त्यांना भानच नव्हतं. तराजूंनी त्यांचा दंड धरून ठेवला.

मावशीने मैदानाला फेरा मारला, झाडांवरून वळली आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे सरळ रेषेत उतरली. चाकं टेकली तेव्हा धक्कासुद्धा बसला नसावा. इंजिन बंद झालं. आम्ही पोचेपर्यंत काका पुढे पळाले होते, चक्करवाला माणूस. मावशीने हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले, आणि आता ती काहीतरी खूप मोठं सांगणार अशा तयारीत.

"अहो," ती म्हणाली, "वरून ना..."

"अगं, परत एकदा जा ना," काका म्हणाले.

"आत्ता? अहो, पाणी तरी पिऊ द्या!"

"पाणी देतो. पण ते झाडांवरचं वळण घेतलंस ना, ते जरा या बाजूने घे. मला तिकडून नीट दिसलं नाही."